स्टेबल

खोपटच्या हॉस्पिटलात आयसीयूबाहेरची फरशी पुसणाऱ्या मावशी कुणाकडे बघून बोलत नसत. बोलायचं ते फरशीशीच. आत माझा भाऊ होता. डॉक्टर रोज "स्टेबल आहेत" म्हणत आणि मी नागपूरला भाच्याला कळवी, "बाबा स्टेबल आहेत, धावत येऊ नकोस."

पाचव्या दिवशी असा फोन ठेवला, तर मावशींनी चक्क मान वर केली.

"ताई, स्टेबल म्हणजे बरा नाय. काल होता तसाच. पोराला बोलवा."

फरशी पुसणारीने मला इंग्रजी शिकवावं, याचा रागच आला. तरी भाच्याला बोलावलं. भावाने त्याला ओळखलं, हात धरला. दुसऱ्या दिवशी भाऊ गेला.

मावशींना सांगितलं.

"पोरगा भेटला ना?" एवढंच विचारून त्यांनी बादली पुढे सरकवली.