पिठाचं बेट

ह्यांना दूरच्या समुद्रातल्या एका बेटावर व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरी लागली, आणि अंबाजोगाईच्या आमच्या घरात कुणाला धड घास जाईना. मला मात्र सोबत जायचंच होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं; नवरा समुद्रापार आणि मी चुलीपाशी, हे मला मुळीच मान्य नव्हतं. पण सासूबाईंच्या होकाराशिवाय घरातलं पान हलत नसे.

त्या बेटावर आग ओकणारा डोंगर होता. निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेल्या ह्यांनी त्याला आधी 'आतिशफिशां' म्हटलं. ते कुणाला कळेना, म्हणून म्हणाले, "ज्वालामुखी." सासूबाईंनी चटकन हात जोडले.

"म्हंजी देवीचं ठाणं हाय की! मग सुनंला ने, वटी भरंल."

ह्यांनी गपचूप मान डोलावली. मी तर मनातल्या मनात पेटी भरायला घेतली. पण ह्यांना खोटं पचतंय कुठलं! दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून मोकळे झाले. सासूबाई लालबुंद.

"पेटत्या डोंगराखाली माझी सून? कावून? कशापायी?"

आता रडून भागणार नव्हतं. मी परातीत पिठाचा ढीग करून तो डोंगर मांडला. बेटावर राहून आलेल्या एका मित्राने ह्यांना खडान्खडा सांगितलं होतं; त्यावरून ह्यांनी बोटाने ओढे, गाव, किनारा काढला. डोंगरातून वाहणारा तापलेला रस म्हणून सासूबाईंनी शेंड्यावरून आंबिलीची धार सोडली. ती ओढ्याओढ्यानेच उतरली.

"म्हंजी वड्याकाठी घर न्हाई."

मी चिमूटभर राख फुंकली. ती एकाच अंगाला पडली. राखेच्या भाराने छपरं बसतात, विहिरी नासतात, समुद्रही कधी गावात घुसतो, असं ह्यांनी सांगितलं. मग वारा येतो त्या बाजूच्या उंचवट्यावर आम्ही हरभऱ्याचा दाणा ठेवला. ते आमचं घर. सासूबाईंनी तो उचलून आणखी वर सरकवला. मला हसू येत होतं.

"जा," त्या म्हणाल्या. मी पाया पडायला वाकले. एक पळी हरवली म्हणून माझ्याशी अबोला धरणारी ही बाई! तिने माझे दंड घट्ट धरले.

"डोंगर गुरगुरला तर भांडीकुंडी गोळा करीत बसू नको, पोरी. समदं जळू दे. तू तेवढी माघारी ये."