निवळ : मगदूम सरांचा एक शब्द

प्रा. शिवाप्पा मगदूम सरांची आणि माझी ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात झाली. इंग्रजी विभागात तेव्हा उत्तम शिकवणारा म्हणून माझे नाव होते. सर रुजू झाले आणि वर्षभरात ते नाव त्यांच्याकडे गेले. षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात असे लिहू नये, पण मला त्यांचा हेवा वाटला.

एकदा धड्यात ‘पेल्युसिड’ हे विशेषण आले. मी ‘पारदर्शक’ असा अर्थ सांगून मोकळा झालो. एका मुलीने तोच शब्द सरांना विचारला. शब्दकोश हाताशी असूनही सर म्हणाले, "उद्या सांगतो." दुपारी मला स्कूटरवर मागे बसवून ते कसबा बावड्याच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेले. काहिलीत उसाचा रस उकळत होता. गुळव्याने भेंडीचे पाणी घातले, वर आलेली मळी काढली आणि पळीभर रस आमच्यासमोर धरला.

"बघा की पावणं, कसा निवळ झालाय! पळीचा तळ दिसतोय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात सांगितले, की इंग्रजी लेखक हे विशेषण ओढ्याच्या पाण्याला लावतात आणि समीक्षक ते अर्थ तळापर्यंत दिसणाऱ्या गद्यालाही लावतात. पारदर्शक काय, खिडकीची काचही असते. इथे आपला ‘निवळ’च शोभतो. मुले खूश झाली. माझा मात्र जळफळाट झाला. पुढची दहा वर्षे मी माझ्या वर्गात हट्टाने ‘पारदर्शक’च सांगत राहिलो.

सरांना हे ठाऊक होते. तरीही दोन हजारनंतर त्यांची शब्दटिपणांची पुस्तिका निघाली, तेव्हा ‘पेल्युसिड’च्या नोंदीखाली माझे नाव घालून त्यांनी छापले होते, ‘हा अर्थ आम्हा दोघांना गुऱ्हाळावर मिळाला.’ मी संकोचून भेटायला गेलो, तर हसून म्हणाले, "तुमी मागं बसला हुता की!" चांगुलपणातही ते माझ्या पुढेच. त्याचाही मला हेवा वाटला.

हा लेख छापायला देण्याआधी त्यांनाच दाखवला. हेव्याच्या ओळी खोडू का, असे विचारले.

"ऱ्हाऊ द्या," सर म्हणाले. "निवळ मत्सर हाय, भेसळ न्हाय."

मगदूम सरांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. माझा मत्सर निवळायला तेवढा वेळ लागेलच.