घरी जाणारा डॉक्टर

पाच वाजले की तो मायक्रोस्कोपवर कव्हर चढवायचा, हात धुवायचा आणि पिशवी खांद्याला लावून निघायचा. वाटेत आमचा सर्जरीचा वॉर्ड लागायचा. दारातून डोकावून म्हणायचा, "चला सिस्टर, सुटलो. आता खरी ड्युटी." पिशवीतून कोथिंबिरीची जुडी नाहीतर लहान मुलीचा फ्रॉक, काहीतरी बाहेर आलेलं असायचं. तुम्ही कधी दवाखान्यात दिवस काढले असतील तर बघितलं असेल, वेळेवर घरी जाणारा डॉक्टर मागच्या जिन्यानं कसा गुपचूप सटकतो. हा पठ्ठ्या छाती पुढं काढून जायचा.

मी त्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. तो इंटर्न असताना माझ्याच हाताखाली होता. हात असा हलका की टाके काढून झाले तरी पेशंट विचारायचे, "झालं व्हय?" आमच्या विभागप्रमुखांना सगळे 'मोठे सर' म्हणतात. त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, हा पोरगा आपला. त्यात पुढच्या शिक्षणाच्या परीक्षेत त्याचा नंबर असा आला की मागेल ती ब्रांच मिळावी.

त्यानं पॅथॉलॉजी मागितली.

अहो, काय बोंब झाली! एवढा नंबर काढून काचपट्ट्या बघत बसणार? मित्र म्हणाले, घरीच लवकर जायचंय तर स्किन घे, घड्याळही सांभाळलं जाईल आणि मानही राहील. तो म्हणाला, "मला काचेखाली बघायला आवडतं. त्यात काय गुन्हा हाय का?"

मलाही राहवलं नाही. चहा पाजून विचारलं, "डॉक्टर, खरं काय ते सांगा." तर म्हणाला, "तिला सर्जरी पायजे."

'ती' म्हणजे त्याची बायको, त्याच्याच वर्गातली, मुकुंदवाडीची. दोघांनी घरच्यांच्या नाकावर टिच्चून लग्न केलेलं. पोरगी नुकती रांगायला लागलेली. बायकोला जेमतेम नंबरावर सर्जरी मिळत होती, आणि सर्जरीत तीन वर्षं माणूस घरी फक्त कपडे बदलायला जातो, हे मी तुम्हाला काय सांगू!

"दोघंबी सर्जरीत गेलो तर पोरीला काय तुमच्या वॉर्डात ॲडमिट करू?" तो म्हणाला. "आणि सांगू का सिस्टर, टाके घालताना मी घड्याळाकडं बघतो. ती गुणगुणते. मग सर्जरी कुणी करायची?"

माझी दोन पोरं शेजारणीच्या जिवावर मोठी झाली. नवरा माणूस चांगला, पण घरात साखरेचा डबा कुठं असतो ते त्याला अजून शोधावं लागतं. नोकरी दोघांची होती, घर मात्र माझं एकटीचं. या पोराचं बोलणं ऐकून मला आनंद झाला आणि मेल्या नशिबाचा रागही आला.

ब्रांच बदलायची अजून एक संधी होती. ते कळल्यावर फुलंब्रीहून त्याचे वडील आले, सोबत दोन चुलते. भर व्हरांड्यात वडील म्हणाले, "आमी गावभर सांगून ठेवलंय, पोरगं आपरेशनचा डाक्टर व्हनार. आता काय सांगू? लोकांची लघवी तपासतंय म्हणून?"

"सांगा की. ती बी कुणीतरी तपासायलाच पायजे," तो म्हणाला. "आणि सून आपरेशन करती, हे बी सांगा. घरात एक हाय ना? मग कोणचा का असंना."

"बायकूसाठी करियरचं वाटुळं करतो का रं?" एक चुलते तडकले.

"वाटुळं नाय काका. वाटणी केलीय."

मोठ्या सरांनीही बोलावून झापलं. म्हणाले, चांगला डॉक्टर घड्याळ बघत नाही. हा म्हणाला, "सर, तुमच्या घरचं घड्याळ मॅडमनी बघितलं." सर लालबुंद झाले. ब्रांच काही बदलली नाही.

तीन वर्षं त्यानं टोमणे खाल्ले. बालवाडीच्या फाटकापाशी बायकांच्या घोळक्यात हा एकटा बाप्या. एकीनं हळहळत विचारलं, "भाऊ, नोकरी गेली का हो?" मला येऊन सांगताना हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी.

बायको शेवटच्या वर्षाला आली. एक मोठं ऑपरेशन मोठे सर पहिल्यांदा तिच्या हाती देणार होते, स्वतः नुसते समोर उभे राहणार होते. नेमकी त्याच सकाळी पोरगी तापानं फणफणली. डेंग्यू. बायको तोवर आत गेलेली. तासाभरात वॉर्डातला फोन खणाणला. फुलंब्रीचे आजोबा. "सुनंला भाईर काढा. लेकरू आजारी आन् ही कुनाची पोटं फाडतीय? आई पायजे तिथं."

मी त्याला मोबाइल लावला. तो मुलांच्या वॉर्डात होता.

"सिस्टर, पोरगी माझ्या मांडीवर हाय. सलाईन चालू हाय. रक्त मी सोता बघितलंय, धोका नाय. तिला बाहेर काढू नका." मग एकदम म्हणाला, "मी बाप हाय ना इथं? का बाप धरतच नाय कुणी?"

फोन पुन्हा खणाणला. मी म्हटलं, "आजोबा, पोरीजवळ बाप बसलाय. आता ऑपरेशन संपल्याशिवाय इथून कुणीही बाहेर येणार नाही." आणि आपटला रिसीव्हर. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

ती बाहेर आल्यावर मीच सांगितलं. पांढरीफटक पडली, माझ्यावर ओरडली, फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "ताप उतरतोय. तुझं कसं झालं ते सांग." तिथंच स्टुलावर बसून ती रडली. "झालं रे," म्हणाली, "चांगलं झालं." मग मुलांच्या वॉर्डाकडं पळाली.

ती सर्जन झाली. दुसऱ्या जिल्ह्यात तिला नोकरी मिळाली, आणि यानं इथली सोडली. "काचपट्ट्या काय, सगळीकडं सारख्याच," म्हणाला. निघायच्या दुपारी दोघं भेटायला आले. ती बॅगा घेऊन पुढं उतरली. तो मागं, पोरगी खांद्यावर गाढ झोपलेली. तेवढ्यात मोठे सर राउंडवरून आले. त्यांचा आवाज म्हणजे व्हरांडाभर.

"अरे, अजून वय गेलेलं नाही! परत परीक्षा दे, मी स्वतः तुला..."

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

आख्खा सर्जरी विभाग ज्यांच्यापुढं चळाचळा कापतो, ते सर अर्ध्या वाक्यात थांबले. तो मान हलवून हसला आणि पोरीचं डोकं सावरत एकेक पायरी उतरत गेला.

सर तसेच उभे. जरा वेळानं अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "जागी नाही ना झाली?"