रुजू होण्याची तारीख

चिंतामण पाठक अकोल्याच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. दोन हजार पाच साली प्राचार्यांनी त्यांना बोलावलं आणि सांगितलं, "पाठक, तपासणीसाठी समिती येऊन राहिली. आपल्याकडे प्लेसमेंट सेल पाहिजे. तुम्ही पाहून घ्या."

दुसरा कोणी असता तर दारावर पाटी ठोकून मोकळा झाला असता. पाठकसरांनी मात्र ते मनावर घेतलं. जिन्याखालची खोली झाडून घेतली, घरचं जुनं टेबल आणून ठेवलं आणि दर शनिवारी वर्ग सुरू केला. अर्ज कसा लिहायचा, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून कसं बोलायचं, येत नसेल तर 'येत नाही' असं न लाजता कसं सांगायचं. पातूर, बाळापूर, बार्शीटाकळीकडची पोरं यायची. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात बहुतेकांचं एकच उत्तर असायचं, शेती. तुला काय व्हायचंय, असं विचारलं की म्हणायची, "काईबी चालते सर. फक्त वावरात नाई."

उज्मा त्या वर्गात आली ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. तिचे वडील उस्मानभाई ताजनापेठेत गाद्या भरायचे. घरात कॉलेजचं तोंड पाहणारी ती पहिली. बाकीची पोरं स्वतःची इंग्रजी ओळख घोकून यायची आणि तिसऱ्या वाक्याला अडकायची. उज्मा उभी राहिली आणि चारच वाक्यं बोलली, पण ती तिची स्वतःची होती. सरांनी त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोला सांगितलं, "चारुशीला, या पोरीला नोकरी लागली नाही तर मी वर्ग बंद करतो."

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत पुण्याची एक कंपनी अमरावतीला मुलाखती घ्यायला येणार होती. परदेशी ग्राहकांची कागदपत्रं तपासायचं काम. सरांनी एकतीस मुलांची तयारी करून घेतली. हात कसा मिळवायचा तेही शिकवलं. वर्ग सुटल्यावर उज्मा मागे थांबली.

"सर, मी पुरुषांशी हात नाही मिळवणार."

सर म्हणाले, "मग हात छातीशी ने आणि हसून बोल. त्यावरून कोणी नाकारलं तर नाकारू दे."

कोणी नाकारलं नाही. एकतिसातून दोघांची निवड झाली, त्यात उज्माचं नाव पहिलं. परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी गप्प बसून होती. एकोणतीस जणांसमोर आनंद दाखवायची तिला लाज वाटत होती. मूर्तिजापूर गेल्यावर सरांनी मागे वळून पाहिलं, तर ती ओढणीआड हसत होती.

नेमणुकीचं पत्र एप्रिलमध्ये आलं. शेवटच्या ओळीत होतं, रुजू होण्याची तारीख नंतर कळवू.

जूनमध्ये भलताच पेच पडला. उज्माने बारावीच्या गुणांवर डी.एड.चा अर्ज भरून ठेवला होता. उर्दू माध्यमाच्या पहिल्याच यादीत तिचं नाव लागलं. त्या काळात डी.एड.ची जागा म्हणजे मास्तरकी पक्की, असं सारं गाव समजायचं. उस्मानभाई दोन्ही कागद घेऊन जिन्याखालच्या खोलीत आले.

"सर, मले इंग्रजी वाचता येत नाई. यातला पक्का कागद कोणता, तेवढं सांगा. तुमी म्हणसान तसं करू."

सरांनी पत्र दोनदा वाचलं. कंपनीत फोन लावला. तिकडची बाई गोड बोलली, "ऑगस्टमध्ये नक्की, सर." सरांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "नोकरी घ्या. डी.एड. करूनही पुढे भरतीची वाट पाहावीच लागेल. ही हातात आलेली आहे."

उस्मानभाईंनी मान हलवली. तीन दिवसांनी डी.एड.ची जागा दुसऱ्या मुलीला गेली.

ऑगस्ट गेला. सप्टेंबरात अमेरिकेतल्या बँका बुडाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. सर वर्तमानपत्र वाचून घडी घालून ठेवायचे. त्याचा ताजनापेठेशी काही संबंध असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. दिवाळीनंतर कंपनीत फोन लावला, तर तिथे वेगळाच आवाज होता. ती गोड बोलणारी बाई आता तिथे नव्हती. तिलाच काढून टाकलं होतं.

सरांनी चार पत्रं पाठवली. डिसेंबरात रजा टाकून स्वतः पुण्याला गेले. काचेच्या इमारतीच्या फाटकावर रखवालदाराने नाव लिहून घेतलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन तासांनी एक तरुण खाली आला. तो उद्धटपणे बोलला असता तर सरांना भांडता आलं असतं. पण तो नम्रपणे म्हणाला, "सर, माझ्या हातात काहीच नाही. कॉलेजने लेखी कळवावं." सरांनी चारही पत्रांच्या प्रती त्याच्यापुढे धरल्या. त्याने त्या घेतल्या आणि तो वर गेला. सर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. कोणी आलं नाही.

फेब्रुवारीत दोन ओळींचा ई-मेल आला. नेमणुका रद्द.

तो कागदावर छापून घेऊन सर ताजनापेठेत गेले. काय बोलायचं ते वाटेत दहादा जुळवलं होतं. दुकानात उस्मानभाई गादीला टाके घालत होते. सरांचा चेहरा पाहून त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"नाई झालं ना, सर?"

"नाही झालं. चूक माझी आहे, उस्मानभाई. मी तुम्हाला चुकीचा कागद पक्का म्हणून सांगितला."

"तुमी कावून वाईट वाटून घेता? तुमी काय मुद्दाम केलं? आमच्या पोरीसाठी पुण्यापर्यंत कोण जाते?"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. मागच्या दारातून उज्मा चहा घेऊन आली. तिचे डोळे कोरडे होते. कप ठेवून तिने सरळ विचारलं, "सर, आता काय करू?"

चार वर्षं सर शेकडो मुलांना याच प्रश्नाचं उत्तर देत आले होते. त्या दुपारी त्यांनी कप उचलला, खाली ठेवला, आणि म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ."

त्या वर्षी डी.एड.ची यादी आणखी वरच्या गुणांवर थांबली आणि उज्माचं नाव आलं नाही. ती एका सायबर कॅफेत बसू लागली. लोकांचे नोकरीचे अर्ज भरून द्यायची.

प्राचार्यांकडे सरांनी सेल सोडत असल्याची चिठ्ठी दिली. प्राचार्य म्हणाले, "दुसरं कोणी तयार नाही हो." चिठ्ठी टेबलावरच राहिली आणि शनिवारचा वर्गही चालू राहिला.

मध्ये काही वर्षं गेली. शिक्षकांची भरती थांबली. उज्माची जागा जिला मिळाली होती ती मुलगी एकदा सरांना भेटली. डी.एड. होऊन घरीच बसली होती. ऐकताना सरांच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरल्यासारखं झालं. दुसऱ्याच क्षणी स्वतःची इतकी शरम वाटली, की तिच्याशी धड न बोलताच ते निघाले.

त्याच वर्षी जुलैत शनिवारच्या वर्गाला एक नवी मुलगी आली. उज्माची धाकटी बहीण, अलीझा. वर्ग सुटल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, उज्माआपी म्हणाली, तुम्ही सांगाल तेच करायचं. सांगा ना, काय करू?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग समोरची खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पक्कं काय ते मलाही माहीत नाही, बाळ; बस, तुझ्यापुढे काय काय आहे ते दोघं मिळून लिहून काढू, ठरव मात्र तू."