कळलं न्हाई, म्हंजे तुजं चुकलं

आमच्या गेम डिझाइन विभागात कुणाचाही खेळ तयार झाला की सरांच्या आधी तो सुमनमावशी खेळायच्या. मावशी म्हणजे आमच्या लॅबच्या शिपाई. सकाळी उचगावहून यायच्या, भेटेल त्याला खणखणीत ‘जय भीम’ घालायच्या, कुलूप काढून संगणक पुसायच्या आणि मग पदर खोचून खुर्चीत बसायच्या. ‘हं, लाव तुजं काय ते. मी खेळतो, तू मागं गप उभी ऱ्हा.’ कोल्हापूरची बाई. ‘मी खेळते’ कधी म्हणायची नाही.

खेळ करणाऱ्यानं खेळणाऱ्याला काही सांगायचं नाही, हा खरं तर सरांचा नियम. सर एकदा फळ्यावर लिहून विसरून गेले, मावशींनी मात्र तो धरून ठेवला. आता कोल्हापुरात गप्प राहणं म्हणजे काय सोपं आहे का? इथे रस्त्यात गाडी बंद पडली की चार माणसं किक कशी मारायची ते सांगायला येतात. आणि मी चंदगडची, त्यात जन्माची बडबडी. ‘मावशी, डावीकडं...’ एवढं तोंडातून निघालं की त्या माऊस सोडून वळायच्या. ‘तू काय खेळाबरोबर घरोघरी जाणार हायस? मला कळलं न्हाई, म्हंजे तुजं चुकलं.’

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर. चंदगडच्या घाटात त्यांची उभी हयात गेली. पोरगी खेळ शिकायला कॉलेजात जाते, हे त्यांना चारचौघांत सांगताही येईना. ‘एक वर्ष बघतो,’ ते म्हणाले होते. ‘वर्साच्या शेवटी तुमच्या त्या खेळांच्या प्रदर्शनाला येतो. पटलं तर पुढं शीक, न्हाईतर गुमान बी.ए.ला नाव घाल.’

मग मी त्यांच्यावरच खेळ केला. धुक्यातल्या घाटातून एसटी न्यायची. दिसेनासं झालं की थांबून हॉर्न द्यायचा. पलीकडून हॉर्न आला तर समोर गाडी आहे, तिला आधी जाऊ द्यायचं. हे सगळं मी पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. मावशींनी त्यातलं एक अक्षर न वाचता गाडी दरीत घातली. तीनदा.

‘अहो, समोर लिहिलंय की!’ मी ओरडले.

‘वाचायलाच लावायचं तर पुस्तक काढ,’ त्या म्हणाल्या. ‘तुजा बा घाटात पाट्या वाचत बसतोय व्हय?’

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सगळी अक्षरं काढून टाकली. त्याऐवजी गाडीची काच हळूहळू धूसर केली, वायपरचा आवाज वाढवला, लांबून एक पुसट हॉर्न ऐकवला. मावशी बसल्या. धुकं आलं तसा त्यांचा हात थांबला. मान तिरकी करून त्यांनी ऐकलं, हॉर्न दिला, समोरची गाडी जाऊ दिली आणि निघाल्या. ‘हां,’ एवढंच म्हणून त्या पंखा पुसायला उठल्या. मी बाहेर जाऊन रडले, खोटं कशाला सांगू!

प्रदर्शनाला वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले. चेहरा मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखा. मावशींनी खुर्ची ओढली. ‘बसा पावणं. गाडी ह्या बटणानं, हॉर्न ह्यानं. बाकी तुमचं तुमी.’

पहिल्याच वळणावर त्यांनी गाडी दरडीला घासली. ‘आता काय करू गं?’ त्यांनी वळून मला विचारलं. माझं पुढचं सगळं शिक्षण त्या वळणावर अडकलेलं! मी तोंड उघडणार, तोच मावशींनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. मी गप्प. वडील वैतागून पुन्हा पडद्याकडे वळले.

मग धुकं आलं. सकाळपासून पोरंटोरं तिथेच वेग वाढवून दरीत जात होती. वडिलांनी बटण सोडलं आणि टेबलाखाली पाय दाबला, जिथे ब्रेक नव्हताच. हॉर्न दिला. पलीकडून हॉर्न आला. ‘येऊ दे तिला,’ ते स्वतःशीच म्हणाले. समोरची गाडी शेजारून गेली तसा त्यांचा हात वर झाला, रोज समोरच्या ड्रायव्हरला करतात तसा.

शेवटच्या थांब्यावर गाडी लावून त्यांनी बटणावरचं बोट काढलं. ‘हे हिला कुणी शिकवलं?’ त्यांनी मावशींना विचारलं.

‘तुमीच की. आमी नुसतं गप ऱ्हायला शिकवलं.’

वडील उठले, शर्ट नीट केला. ‘बी.ए.चं ऱ्हाऊ दे,’ म्हणाले.

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाल्या. तोवर तोच खेळ पुरा करून मी बाजारात आणला होता; निरोपाच्या दिवशी तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत खेळला. मी मागे गप्प उभी होते. शेवटी खेळ करणाऱ्यांची नावं आली, त्यात एक ओळ होती: ‘खेळून पाहिला: सुमन कांबळे, उचगाव’. मावशींनी पडद्यावर बोट ठेवून ती वाचली, परत वाचली. डोळे भरले होते. चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे वळल्या.

‘खेळून पाहिला काय? पास केला म्हणून लिव.’

आता तसंच लिहिलेलं आहे.