गुलाबी दाणे

माझा स्वभाव तापट. मे महिन्यात अमरावतीत तो आणखी तापतो, हे आमच्या विभागात सगळ्यांना ठाऊक होतं आणि प्रयोगशाळेतल्या चाचांना सर्वांत जास्त. चाचा मूळचे बाळापूरचे, प्रयोगशाळा सहायक, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मला ते बेटा म्हणत आणि माझी बोलणी मुकाट्याने ऐकून घेत.

माझं पीएचडीचं काम टेराहर्ट्झ लहरींचं. या लहरी मायक्रोवेव्ह आणि उजेड यांच्या मधल्या. त्यांचा अगदी क्षणभराचा ठोका चुंबकी स्फटिकाला द्यायचा. देवळातली घंटा वाजावी तसं त्याचं चुंबकत्व थरथरतं. साधी घंटा दुप्पट जोराने मारली तर दुप्पट वाजते. मला हवी होती दुप्पट ठोक्याला चौपट थरथर. तीन वर्षं मी ती शोधत होते, आणि शिष्यवृत्ती संपायला चार महिने राहिले होते.

अडचण पाण्याची. हवेतली वाफही ठोक्याने थरथरते, आणि तिचा सूर आमच्या स्फटिकाच्या सुराला अगदी लागून असतो. म्हणून सगळा प्रयोग बंद पेटीत. पंपाने पेटीत हवा सोडायची आणि वाटेत ती सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांतून कोरडी करून घ्यायची. दाण्यांनी ओल प्यायली की ते गुलाबी होतात. मग चाचा ते ओव्हनमध्ये भाजून परत निळे करत, घरच्या शेंगदाण्यांसारखे हलवून हलवून.

एसी फक्त ठोका देणाऱ्या लेसरच्या खोलीत. बाहेरच्या खोलीत मी, पंप आणि वर पत्रे. त्या मे महिन्यात माझा घोळणा दोनदा फुटला, नाकातून रक्त आलं. चाचांनी माझ्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला. म्हणाले, "अशानं मरून जाशीन बेटा. थीसिस कोन लिहीन मंग?"

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी चार दिवस अकोल्याला, जठारपेठेतल्या घरी गेले. परत येते तो बाहेरच्या खोलीत कूलर! वाळ्याच्या नव्या ताट्या, टाकी काठोकाठ भरलेली. "घरी पडून होता," चाचा म्हणाले. मी खुर्ची सरळ त्याच्यासमोर ओढली. जीव थंड झाला.

त्याच आठवड्यात ठोक्यानंतर लांबलचक थरथर दिसली. स्फटिकाच्या मोजमापातून वजा करायचं रिकाम्या पेटीचं मोजमाप दरवेळी नव्याने घ्यायचं असतं. मी अकोल्याला जाण्याआधीचंच वापरलं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, तसं माझं झालं. दुसऱ्या दिवशी चाचा दारात उभे राहिले. "बेटा, दाने गुलाबी झाले. कालच भाजले होते. काहून असं?"

"चाचा, आता कशालाही हात लावू नका. पहिल्यांदा काहीतरी दिसतंय."

मी माझ्या मार्गदर्शक सरांना आलेख पाठवला. सर इतके खूश झाले की सोमवारी बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांसमोर तोच मांडायचं त्यांनी ठरवून टाकलं.

शनिवारी मी ठोका निम्मा केला. थरथर पावपट व्हायला हवी होती. ती निम्मी झाली. साधी घंटाच. मग मी स्फटिकच काढून घेतला. पेटीत काही नाही, तरी थरथर तीच आणि तेवढीच लांब. मी मान वळवली. पंपाचं तोंड कूलरपासून दीड हातावर होतं. कूलरची सगळी ओल तो पेटीत ओढत होता.

मी चाचांवर ओरडले. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हा आणायला? सगळं मातीत गेलं माझं!"

चाचांनी बटण बंद केलं. टाकीतलं पाणी बादलीने उपसून बाहेरच्या कडुनिंबाला घातलं.

कूलर कधी आला याची तारीख शोधायला मी रागारागाने नोंदवही उघडली. चाचांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दाने गुलाबी. मॅडमला सांगितले. नको म्हणाल्या.’ खाली आणखी दोन दिवस, तेच. मला रडू फुटलं. रिकामी पेटी दरवेळी नव्याने मोजा, असं एम.एस्सी.च्या पोरांना मी पहिल्याच तासाला बजावते, ते गार वाऱ्यात बसून मीच विसरले होते.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "सोमवारच्या आधी सापडलं, हे बरं झालं. सोमवारचं मी बघतो. तू पुन्हा मोज."

संध्याकाळी ऑटोत कूलर घालून मी चाचांच्या घरी गेले. ते नको नको म्हणत होते. का, ते तिथे गेल्यावर कळलं. घराला एकच खिडकी. बाहेर लोखंडी स्टँड रिकामा आणि गजांना ओली चादर बांधलेली. आत चाची पुठ्ठ्याने वारा घेत होत्या.

"चाचा, चुकले मी. माफ करा."

"माफी कायची?" चाचा चादरीची गाठ सोडत म्हणाले. "नाक तं नाही ना फुटलं पुन्हा?"

नव्हतं फुटलं. कूलर आल्यापासून एकदाही नाही. मी ते चाचांना सांगितलं, आणि दुसऱ्या बाजूची गाठ सोडायला लागले.