उलटी चप्पल

काल बाबा होस्टेलवर डबा द्यायला आले. भेटीच्या खोलीबाहेर मुलींच्या चपलांचा पसारा होता. निघताना त्यांनी प्रत्येक जोड नीट लावला, उलटी पडलेली सुलटी केली आणि फारसं न बोलता गेले.

"अगं, तुझे बाबा ऑटिस्टिक आहेत," ते पाहून माझी रूममेट श्वेता म्हणाली. "तूपण तशीच. मीसुद्धा, रील बघून कळलं."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर कशाला? सगळी लक्षणं जुळतात की!"

घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथल्या शब्दांपुढे माझी जीभ अडखळते. पण माझ्या मावशीच्या सोनूला ऑटिझम आहे. मिक्सर लागला की तो कान दाबून रडतो. किती दवाखाने हिंडल्यावर मावशीला तो शब्द मिळाला, तेव्हा कुठे शाळा त्याला समजून घेऊ लागली. श्वेताचं स्वतःबद्दलचं खरंही असेल. तिने जाऊन डॉक्टरांना विचारावं. उद्या मला डॉक्टरांनी सांगितलं तर मीही ऐकेन. पण नुसत्या अबोल, नीटनेटक्या माणसाला स्वभावसुद्धा असू नये का?

"माझ्या बाबांना रीलमध्ये बसवू नकोस," मी म्हणाले.

दारात श्वेताची चप्पल पुन्हा उलटी पडली होती. तिच्यादेखत मी ती सुलटी केली.